एल्क-मृगया, पारंपरिक धनुष्याने
उत्तर अमेरिकेतील एल्क या मोठ्या मृगाची पारंपरिक धनुष्यबाणाने केलेली परवानाबद्ध शिकार. कप्प्या, नेम धरण्याची जोडसाधने अथवा प्रत्यंचा सोडणारी यांत्रिक कळ नसलेल्या धनुष्यास येथे पारंपरिक धनुष्य म्हटले आहे. त्याचे मुख्य प्रकार दोन : ‘लाँगबो’ हे जवळजवळ सरळ भुजांचे लांब धनुष्य आणि ‘रीकर्व्ह’ हे भुजांची टोके पुढील बाजूस वळलेले धनुष्य. बंदुकीने शिकार करणारा दोनशे मीटरांवरून नेम धरू शकतो. पारंपरिक धनुर्धराचा भरवशाचा पल्ला मात्र बहुधा १५ ते २० मी. इतकाच असतो. या शिकारीच्या नियोजनातील जवळजवळ सर्व प्रश्न या एका मर्यादेतून उद्‌भवतात. सु. ३०० किग्रॅ. वजनाच्या, तीव्र घ्राणेंद्रिय असलेल्या वन्य प्राण्याच्या वीस पावलांपर्यंत त्याच्या नकळत पोहोचणे हा त्यांतील पहिला प्रश्न. बाण लागलेला प्राणी लवकर मरेल व निश्चितपणे सापडेल अशी परिस्थिती नसल्यास बाण न सोडणे हा दुसरा व अधिक कठीण प्रश्न होय. प्रथमच जाणाऱ्या शिकाऱ्याने साधारणतः एक वर्ष आधी तयारीस प्रारंभ करणे इष्ट असते.

प्राणी : एल्क हा मृगकुलातील (सर्व्हिडी) प्राणी असून त्याचे शास्त्रीय नाव सर्व्हस कॅनडेन्सिस असे आहे. यूरोपात ‘एल्क’ हे नाव मूस या वेगळ्या प्राण्यास लावतात. हा घोटाळा टाळण्यासाठी अमेरिकेतील एल्कला ‘वापिटी’ असेही म्हणतात. या मूळ अमेरिकन इंडियन शब्दाचा अर्थ ‘पांढऱ्या ढुंगणाचा’ असा आहे. पूर्वी तो तांबड्या मृगाचा उपप्रकार मानला जाई. आनुवंशिक अभ्यासानंतर त्याला स्वतंत्र जाती मानतात. काश्मीरमधील हंगूल हा त्याच्याच प्रजातीतील प्राणी होय.

रॉकी पर्वतातील पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सु. ३१५ किग्रॅ. व खांद्यापाशी उंची सु. १·५ मी. असते, मादीचे वजन सु. २२५ किग्रॅ. असते. शिंगे फक्त नराला असतात. ती दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस वा वसंतात गळून पडतात व पुन्हा वाढतात. प्रौढ नराच्या प्रत्येक शिंगाला बहुधा सहा शाखा असतात आणि दोन्ही शिंगांचे मिळून वजन १८ किग्रॅ.पर्यंत भरू शकते. एल्क पहाटे व सायंकाळी गवताळ मोकळ्या जागी चरतात आणि दिवसा दाट झाडीत, विशेषतः उत्तरेकडील सावलीच्या उतारांवर, रवंथ करीत बसतात. रंग ओळखण्याची त्यांची शक्ती मर्यादित असली, तरी हालचाल त्यांच्या चटकन लक्षात येते. घ्राणेंद्रिय हे मात्र त्यांचे मुख्य संरक्षण होय. माणूस नजरेस पडल्यास एल्क कित्येकदा थांबून पाहतो. माणसाचा वास आल्यास मात्र तो थांबत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : यूरोपीय लोक येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेतील अनेक आदिवासी जमाती धनुष्यबाणाने एल्कची शिकार करीत. त्याचे मांस, कातडे, हाडे व शिंगे यांचा उपयोग केला जाई. रॉकी पर्वतातील शोशोनी लोक रानमेंढ्याच्या शिंगांपासून आखूड व बळकट धनुष्ये बनवीत. एल्कच्या शिंगांचाही धनुष्यांसाठी उपयोग होई. बेसुमार शिकार व जमिनीची लागवड यांमुळे एकोणिसाव्या शतकात एल्कची संख्या झपाट्याने घटली. पूर्वी एक कोटीच्या घरात असावी असा अंदाज असलेली ही संख्या विसाव्या शतकाच्या प्रारंभी एक लाखाच्याही खाली गेली आणि पूर्वेकडील उपजाती नामशेष झाली. पुढे संरक्षक कायदे, शिकारीचे मर्यादित हंगाम व पुनर्वसन यांमुळे ती वाढत गेली. केंटकी राज्यात १९९७ पासून पश्चिमेकडील एल्क आणून सोडण्यात आले. आज उत्तर अमेरिकेत सु. दहा लाख एल्क असून सर्वांत मोठी संख्या कोलोरॅडो राज्यात आहे. शिकारीच्या बंदुका व दारूगोळा यांवरील कराचे उत्पन्न वन्य जीवांच्या व्यवस्थापनासाठी राखून ठेवणारा पिटमन-रॉबर्ट्‌सन कायदा १९३७ मध्ये झाला. १९७२ मधील दुरुस्तीने धनुष्यबाणही त्याच्या कक्षेत आले.

अमेरिकेतील आधुनिक धनुर्मृगयेच्या उगमाशी इशी या याही जमातीच्या अखेरच्या पुरुषाचे नाव निगडित आहे. १९११ मध्ये तो कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे प्रकट झाला व १९१६ मध्ये मृत्यू पावेपर्यंत सॅन फ्रॅन्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला. तेथे डॉ. सॅक्स्टन पोप या शल्यविशारदाने त्याच्याकडून धनुष्य घडविण्याची व दबा धरून जवळ जाण्याची विद्या घेतली. पोप यांचा या विषयावरील ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये हरणांच्या धनुर्मृगयेसाठी स्वतंत्र हंगाम सुरू केला आणि पुढे इतर राज्यांनी ती प्रथा स्वीकारली. पोप व त्यांचे सहकारी आर्थर यंग यांच्या नावाने १९६१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने या शिकारीच्या आचारनियमांचा पुरस्कार केला. १९६९ मध्ये हॉलिस विल्बर ॲलन यांना कप्पीधनुष्याचे एकस्व मिळाले. या धनुष्यात प्रत्यंचा पूर्ण ओढल्यावर हातावर कमाल ताणाचा अल्पसा भागच उरतो. त्यामुळे ते थोड्याच वर्षांत लोकप्रिय झाले. पारंपरिक धनुष्याचा आज स्वेच्छेने स्वीकार करणारा शिकारी ही सवलत जाणूनबुजून सोडतो.

साधने : धनुष्याची ‘ओढ’, म्हणजे प्रत्यंचा ठराविक अंतरापर्यंत ओढण्यास लागणारा जोर, पौंडांत मोजतात व ती सामान्यतः २८ इंच (सु. ७१ सेंमी.) ओढीला नोंदविलेली असते. आखूड हातांच्या व्यक्तीकडून प्रत्यंचा तितकी ओढली जात नाही आणि प्रत्येक कमी इंचामागे दोनतीन पौंड घटतात. म्हणून धनुष्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष मोजलेली ओढ महत्त्वाची. किमान ओढ कायद्याने ठरविलेली असते, उदा., कोलोरॅडोत ती ३५, तर आयडाहोत ४० पौंड आहे. एल्कसाठी बहुतेक अनुभवी शिकारी ४५ ते ५५ पौंडांचे धनुष्य पसंत करतात. न पेलणारे जड धनुष्य हा नवशिक्याचा नेहमीचा दोष होय. थंडीत तासन्‌तास बसल्यावर जे धनुष्य सावकाश व पूर्ण ओढता येत नाही, ते कितीही बलवान असले तरी निरुपयोगी ठरते.

धनुष्याहूनही बाणाची निवड अधिक काळजीपूर्वक करावी लागते. बाण सीडार वा स्प्रूस यांसारख्या लाकडाचे, ॲल्युमिनियमचे अथवा कार्बन तंतूंचे असतात. बाण सुटताना प्रथम वाकतो व धनुष्याच्या मुठीला वळसा घालून सरळ होतो. त्याची ताठरता धनुष्याच्या ओढीशी जुळत नसेल, तर तो तिरका जातो आणि तिरका शिरलेला बाण खोल जात नाही. दर पौंड ओढीमागे सु. १० ग्रेन वजनाचा बाण हे प्रमाण सर्वसाधारणपणे मान्य आहे; म्हणजे ५० पौंडांच्या धनुष्यासाठी ५०० ते ५५० ग्रेन (सु. ३२ ते ३६ ग्रॅ.) वजनाचा बाण लागतो. तो सेकंदास सु. ५५ मी. वेगाने जातो आणि त्याची गतिज ऊर्जा सु. ५० जूल भरते. मोठ्या शिकारी बंदुकीच्या गोळीची ऊर्जा तीन हजार जूलांहून अधिक असते. या तुलनेवरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते : बाण आघाताने मारत नाही, तो कापतो आणि रक्तस्रावाने प्राणी मरतो. म्हणून बाणाच्या अग्रावरील पात्यांची धार ही या साधनांतील सर्वांत मोलाची वस्तू होय. कमी ऊर्जेच्या धनुष्याला दोन किंवा तीन स्थिर पात्यांची मजबूत अग्रे योग्य असतात. लागल्यावर उघडणाऱ्या पात्यांची अग्रे उघडण्यातच काही ऊर्जा खर्च करीत असल्याने येथे टाळतात. पाती प्रवासात बोथट होतात. ती दररोज तपासून पुन्हा परजावी लागतात. पिसे ओली झाल्यास बाणाचे स्थैर्य कमी होते, म्हणून पावसात भात्यावर आच्छादन घालतात.

सराव व अंतराची मर्यादा : हवेचा रोध वगळून हिशेब केल्यास वरील वेगाचा बाण १८ मी. अंतर ०·३३ सेकंदात, तर ३६ मी. अंतर ०·६५ सेकंदात कापतो. १८ मी. समजून सोडलेल्या बाणाच्या बाबतीत प्राणी वस्तुतः २१ मी.वर असेल, तर बाण अपेक्षित जागेच्या सु. १० सेंमी. खाली लागतो. ३६ मी. समजून सोडला व प्राणी ३९ मी.वर असला, तर हीच चूक सु. १९ सेंमी. होते. पहिल्या चुकीत बाण बहुधा फुप्फुसांतच राहतो. दुसरीत तो छातीच्या खालून निसटतो किंवा पाय जायबंदी करतो. शिवाय दुप्पट वेळात प्राण्याने एक पाऊल टाकले, तरी फुप्फुसांऐवजी पोट भेदले जाते. दूरवरच्या नेमाचा धोका केवळ शिकाऱ्याच्या कौशल्याने टळत नाही, तो यामुळे.

स्वतःचा पल्ला ठरविण्याची एक साधी कसोटी प्रचलित आहे. सु. २० सेंमी. व्यासाच्या वर्तुळात ज्या अंतरावरून जवळजवळ प्रत्येक बाण लागतो, ते मैदानावरील कमाल अंतर. डोंगरात, दम लागलेला असताना व मन उत्तेजित असताना ते आणखी कमी धरावे. दिवसातील पहिला बाण हाच खरा निकष होय. कारण शिकारीत बहुधा तेवढा एकच मिळतो. म्हणून उन्हाळ्यापासून दररोज थोडे बाण, गुडघ्यावर बसून, चढावरून व उतारावरून, शिकारीचे कपडे घालून सोडण्याचा सराव करतात. शेवटच्या महिन्यात सराव शिकारीच्याच वजनाच्या बाणांनी व पात्यांच्या अग्रांनी करणे आवश्यक असते.

परवाना व प्रदेश : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वन्य प्राण्यांचे व्यवस्थापन मुख्यतः राज्यांकडे असते व शिकारीचे नियम दरवर्षी नव्याने प्रसिद्ध होतात. अनेक विभागांतील परवाने सोडतीने दिले जातात. परराज्यातील अर्जदारांसाठी मुदती बहुधा जानेवारी ते एप्रिल या काळात संपतात. काही राज्यांत अयशस्वी अर्जदारास पुढील वर्षासाठी प्राधान्यगुण मिळतात. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. माँटॅना व आयडाहो येथे धनुर्मृगयेसाठी वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. नवशिक्याने मोठ्या शिंगांच्या लोभाने दुर्मिळ परवान्यामागे वर्षानुवर्षे न लागता, मादीची शिकारही करता येईल असा सहज मिळणारा परवाना घेणे श्रेयस्कर ठरते. कारण या शिकारीचे शिक्षण प्रत्यक्ष डोंगरातच होते.

पश्चिमेकडील राज्यांत राष्ट्रीय अरण्यांची विस्तीर्ण जमीन जनतेस खुली आहे. कोलोरॅडोतील व्हाइट रिव्हर व न्यू मेक्सिकोतील हीला ही राष्ट्रीय अरण्ये एल्कसाठी प्रसिद्ध आहेत. नकाशावर पाणी, चराऊ कुरणे आणि सावलीची दाट झाडी ही तिन्ही जेथे एकमेकांजवळ येतात व वाहनांचे रस्ते दूर असतात, अशा जागा आधी निवडून ठेवतात. एकच जागा न ठरवता चारपाच ठरविणे उपयुक्त असते. कारण एल्कचा कळप एका रात्रीत कित्येक किलोमीटर सरकू शकतो. नराने शिंगे घासून सोललेली झाडे, लोळण्याच्या चिखलाच्या जागा, ताजी विष्ठा व पाऊलखुणा यांवरून कळपाचे वास्तव्य ओळखतात. खाजगी जमिनीच्या सीमा नकाशावर आधीच पाहून ठेवाव्या लागतात.

शारीरिक तयारी व सामान : रॉकी पर्वतात ही शिकार बहुधा २,५०० ते ३,५०० मी. उंचीवर चालते. सपाटीवरून येणाऱ्यास डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश व धाप लागणे असा त्रास होऊ शकतो. दोनतीन दिवस आधी येऊन मध्यम उंचीवर राहणे व भरपूर पाणी पिणे हितावह असते; लक्षणे वाढल्यास खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय होय. तयारीसाठी पाठीवर वजन घेऊन चढ-उतार करण्याचा व्यायाम धावण्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो. सप्टेंबरात दुपारी ऊन व रात्री हिमवर्षाव असे हवामान असू शकते. म्हणून लोकरीचे, एकावर एक घालता येणारे कपडे नेतात. नकाशा व होकायंत्र, डोक्यावर बांधायचा दिवा, पाणी शुद्ध करण्याचे साधन, प्रथमोपचार पेटी, सुऱ्या, मांसासाठी सच्छिद्र कापडी पिशव्या, दोरी आणि वजन वाहण्याची बळकट पाठपिशवी हे आवश्यक सामान होय. माँटॅना व वायोमिंगच्या ज्या भागांत ग्रिझली अस्वले आहेत, तेथे अस्वलरोधक फवारा हाताशी ठेवतात आणि अन्न व मांस तळापासून दूर उंच टांगतात. आपण कोठे आहोत व केव्हा परतणार, हे घरी कळवून ठेवणे अत्यावश्यक असते.

हंगाम, वारा व साद : बहुतेक राज्यांतील धनुर्मृगयेचा हंगाम ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर असतो, काही ठिकाणी तो ऑक्टोबरातही चालतो. याच सुमारास एल्कचा माजाचा काळ येतो. तो सप्टेंबरच्या उत्तरार्धात शिगेला पोहोचतो. नर माद्यांचा कळप जमवून त्याची राखण करतो व इतर नरांना आव्हान देतो. त्याची साद खालच्या स्वरात सुरू होऊन उंच शिटीसारखी चढते व घोगऱ्या हुंकारांनी संपते. एरवी सावध असणारा नर या काळात सादेला उत्तर देतो व कधीकधी चालून येतो. पारंपरिक धनुर्धराला आवश्यक असलेले जवळचे अंतर मिळण्याची शक्यता यामुळेच निर्माण होते.

तथापि सर्व हालचाली वाऱ्यावर अवलंबून असतात. स्वच्छ हवेत डोंगरउतारावरील थंड व जड हवा रात्री व पहाटे खाली वाहते. ऊन चढल्यावर तापलेली हवा वर चढू लागते आणि सायंकाळी प्रवाह पुन्हा उलटतो. म्हणून पहाटे एल्कच्या खालून वर व उन्हे चढल्यावर वरून खाली जाणे हा सामान्य नियम आहे. प्रवाह उलटण्याचा मधला काळ सर्वांत अनिश्चित असतो. त्या वेळी पुढे सरकण्याऐवजी थांबणे शहाणपणाचे ठरते. बारीक पूड उडवून वाऱ्याची दिशा वारंवार पाहतात.

नर व मादी यांचे आवाज तोंडातील पडद्याने अथवा नळीने काढता येतात. नवशिक्याला मादीचा मृदू आवाज अधिक उपयोगी पडतो. नराच्या आक्रमक सादेने दुबळा नर पळून जातो, तर बलवान नर आपल्या माद्यांना हाकत दूर नेतो. आवाज जेथून आला, तेथे कोणी दिसत नसल्यास येणारा नर काही अंतरावर थबकतो व वास घेण्यासाठी वाऱ्याच्या खालच्या बाजूस वळसा घालतो. यासाठी दोघांनी मिळून शिकार करताना साद घालणारा धनुर्धराच्या ३० ते ५० मी. मागे राहतो, त्यामुळे नर जेथे थबकतो ती जागा धनुर्धराच्या टप्प्यात येते. धनुर्धराने झुडपामागे न लपता झुडपापुढे बसावे, असे सांगतात. झुडूप पाठीशी असल्यास आकृती लपते आणि बाणाची वाटही मोकळी राहते. प्राण्याचे डोके झाडाआड गेल्यावरच प्रत्यंचा ओढावी. एकदा ओढलेले पारंपरिक धनुष्य काही सेकंदांपलीकडे स्थिर धरता येत नाही, म्हणून या क्षणाची निवड निर्णायक असते.

नेम व नकार : बाणासाठी योग्य स्थिती दोनच मानतात : प्राणी पूर्ण आडवा उभा असणे किंवा शिकाऱ्यापासून किंचित तिरका, पलीकडे तोंड करून असणे. लक्ष्य म्हणजे पुढच्या पायाच्या लगेच मागे, धडाच्या खालच्या तिसऱ्या भागातील फुप्फुसे व हृदय यांची जागा होय. दोन्ही फुप्फुसे भेदली गेल्यास एल्क सामान्यतः अल्पावधीतच कोसळतो. समोरून येणाऱ्या, शिकाऱ्याकडे तिरक्या उभ्या असलेल्या अथवा पाठमोऱ्या प्राण्यावर बाण सोडीत नाहीत. खांद्याच्या जाड हाडावर कमी ऊर्जेचा बाण अडतो आणि मागून सोडलेला बाण आतड्यांत जातो. मध्ये बारीक फांदी असली तरी बाण वळतो. पळत्या वा सावध झालेल्या प्राण्यावर बाण सोडणेही वर्ज्य मानतात.

या नकाराची तयारी नियोजनातच करावी लागते. कारण प्रत्यक्ष क्षणी विचारास अवकाश नसतो. वर्षभराचा खर्च व श्रम, अखेरचा दिवस आणि प्रथमच इतक्या जवळ आलेला भव्य प्राणी यांच्या दडपणाखाली पंचवीस मीटर वीसच वाटू लागतात. धनुर्मृगयेत एल्क मिळण्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे दहा शिकाऱ्यांत एक इतके अल्प असते आणि पारंपरिक धनुष्याने ते आणखी कमी होते. रिकाम्या हाताने परतणे हाच या शिकारीतील नेहमीचा अनुभव आहे, हे आधीच स्वीकारलेला शिकारी अयोग्य बाण सोडण्यास सहसा प्रवृत्त होत नाही. प्राणी न दिसता केवळ आवाजाच्या रोखाने सोडलेल्या बाणाचे फळ भारतीय वाचकास दशरथ व श्रावणबाळ यांच्या कथेवरून परिचित आहे. साद ऐकून चालणाऱ्या या शिकारीत इतर शिकारीही तशीच साद घालीत असतात, म्हणून लक्ष्य स्पष्ट दिसणे हा नियम माणसांच्या सुरक्षिततेसाठीही अनिवार्य ठरतो.

माग काढणे : बाण लागल्यावर प्राणी कोठे उभा होता व कोठे दिसेनासा झाला, त्या जागा ध्यानात ठेवून शिकारी स्तब्ध बसतो. नंतर बाण व रक्त यांची तपासणी करतात. तेजस्वी तांबडे, फेसाळ रक्त फुप्फुसांची जखम दर्शविते. अशा वेळी अर्धा ते एक तास थांबून माग काढतात. काळपट तांबडे रक्त यकृताची जखम सुचविते. तेव्हा चार ते सहा तास थांबणे योग्य असते. बाणावर हिरवट चोथा व दुर्गंधी असल्यास पोट वा आतडी भेदली गेलेली असतात आणि आठ ते बारा तास थांबावे लागते. लगेच पाठलाग केल्यास जखमी एल्क उठून कित्येक किलोमीटर जातो व सापडत नाही. न हुसकल्यास तो बहुधा जवळच बसून राहतो. ऊन असल्यास मांस खराब होण्याची व पाऊस येत असल्यास रक्ताच्या खुणा पुसल्या जाण्याची भीती असते. तेव्हा थांबावे की निघावे हा निर्णय अवघड होतो. प्रत्येक रक्तखूण चिन्हांकित करीत, खुणा न तुडवता बाजूने चालतात. खुणा संपल्यास अखेरच्या खुणेभोवती क्रमाक्रमाने शोध घेतात. शोध पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या प्राण्यामागे जायचे नाही, असा संकेत आहे. जखमी पण न सापडलेला एल्क हा मिळालेलाच धरून शिकार संपविण्याचा नियम काही व्यावसायिक मार्गदर्शक पाळतात.

मांसाची व्यवस्था : मोठ्या नराचे हाडे काढलेले मांस साधारणतः ९० ते ११० किग्रॅ. भरते. दर खेपेस २५ ते ३० किग्रॅ. वजन पाठीवर घेतल्यास एका माणसाला चार खेपा कराव्या लागतात. वाहनापासून पाच किलोमीटरांवर एल्क मारल्यास एकूण चाल सु. ४० किमी. होते. म्हणून किती आत जायचे, हे एल्क कोठे आहेत यापेक्षा मांस किती दूरवरून वेळेत आणता येईल यावर ठरविणे योग्य होय. एल्कच्या जाड कातड्यामुळे आतील उष्णता टिकून राहते व हाडाजवळचे मांस प्रथम नासते. यास्तव कातडे त्वरित काढून चारी फऱ्या वेगळ्या करतात आणि त्या सच्छिद्र पिशव्यांत घालून सावलीत, हवा खेळेल अशा टांगतात. परवान्याची चिठ्ठी नियमानुसार लावणे व आवश्यक तेथे लिंगाचा पुरावा राखणे बंधनकारक असते. खाण्यायोग्य मांस रानात टाकून देणे हा पश्चिमेकडील राज्यांत दंडनीय अपराध आहे. १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम आढळलेला, मेंदूचा ऱ्हास घडविणारा ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीझ’ हा रोग एल्कनाही होतो. तो माणसाला झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही रोगग्रस्त भागांतील प्राण्याची तपासणी करून घ्यावी, मेंदू व मज्जारज्जू यांना हात लावू नये आणि बाधित प्राण्याचे मांस खाऊ नये, असा सल्ला आरोग्ययंत्रणा देतात.

मूल्यमापन : बंदूक उपलब्ध असताना धनुष्याने शिकार करणे हे प्राण्यास अधिक यातना देणारे आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. धनुर्मृगयेत जखमी होऊन न सापडणारे प्राणी असतातच. समर्थकांच्या मते जवळ जाण्याची सक्ती, अल्प यश व श्रम यांमुळे प्राण्याला निसटण्याची खरी संधी मिळते आणि शिकारी त्याच्या जीवनक्रमाचा सखोल अभ्यास करतो. हे समर्थन शिकारी स्वतःचा पल्ला कितपत प्रामाणिकपणे पाळतो, यावर अवलंबून असते. भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे वन्य प्राण्यांच्या हौशी शिकारीस बंदी आहे. एल्कचा काश्मीरमधील आप्त हंगूल हा अत्यंत दुर्मिळ झाला असून दाचिगाम राष्ट्रीय उद्यानात त्याचे रक्षण केले जाते. उत्तर अमेरिकेत एल्क पुन्हा विपुल झाल्यामुळेच त्याच्या मर्यादित शिकारीस वाव मिळाला आहे. मर्यादा ही तेथील शिकारीची पूर्वअट आहे. पारंपरिक धनुष्य घेऊन जाणारा शिकारी त्या मर्यादेत स्वतःच्या वीस पावलांची भर घालतो.